कोंबड्या शाळेत येतील, पण बालवर्गाच्या ओंजळीत नाही

परवा रात्री भावजयीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, हे वाचा, मग नाही म्हणा." भाचा साडेतीन वर्षांचा आहे. त्याच्या बालवर्गात पुढच्या शनिवारी प्राण्यांना भेटायचा कार्यक्रम आहे. ससे येणार, शेळीचं करडू येणार, आणि त्याने बाईंना सांगून टाकलंय की आत्याकडे कोंबड्या आहेत. मखमलाबादला आमच्या घरामागे खुराडं आहे, आठ वर्षं झाली. सध्या चौदा कोंबड्या, दोन कोंबडे आणि नुकतीच अंड्यातून निघालेली नऊ पिल्लं. शाळेला हवी होती पिल्लं, मुलांच्या ओंजळीत द्यायला. मी नको म्हटलं, त्याचं उत्तर म्हणून हा मेसेज आला.

नाशिकच्या पालकांच्या गटांत तो बराच फिरतोय. त्याचं म्हणणं असं: गावरान कोंबडीला जंतू नसतात, ते पोल्ट्रीतल्या ब्रॉयलरला असतात. कोंबडी तरतरीत असली, लस दिलेली असली की भीती नाही. साल्मोनेला म्हणजे टायफॉइड, तो पाण्यातून होतो, कोंबडीतून नाही. पिल्लू मुलांच्या गालाला लावू द्या, प्रतिकारशक्ती वाढते. नंतर सॅनिटायझर लावलं की झालं. शेवटी, आपण सगळे कोंबड्यांतच वाढलो, काय झालं?

गालाला लावायचं आधी घेते, कारण या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य तेच आहे आणि ते वाचून मला झोप लागली नाही. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू कोंबडीच्या आतड्यात राहतो आणि शिटेतून बाहेर पडतो. कोंबडी दिवसभर त्याच जमिनीवर उकरते, तिथेच धुळीत लोळते, चोचीने पिसं साफ करते. म्हणजे तो पिसांवर, पायांवर, चोचीवर सगळीकडे असू शकतो. पिल्लांचं तर आणखी वाईट. साल्मोनेलाचे काही प्रकार कोंबडीच्या अंडाशयातून थेट अंड्यात उतरतात, आणि पहिल्या काही दिवसांत पिल्लाच्या पोटात त्यांना अडवणारे चांगले जीवाणू अजून स्थिरावलेले नसतात. जे सगळ्यात गोंडस दिसतं, तेच जास्त धोक्याचं. आणि ते द्यायचं कोणाच्या हातात? ज्याचा हात दर मिनिटाला तोंडात जातो त्याच्या. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची, म्हणजे सीडीसीची, सूचना अगदी सरळ आहे: पाच वर्षांखालच्या मुलांनी कोंबडीची किंवा बदकाची पिल्लं आणि इतर जिवंत कोंबड्या हाताळू नयेत. मोठ्यांनीही त्यांचे मुके घेऊ नयेत, तोंडाजवळ धरू नये. मेसेज सांगतो त्याच्या नेमकं उलट.

यात पिल्लांचेही हाल आहेत, ते कोणी बोलत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण ३५ अंश ऊब लागते. ती कोंबडीच्या पंखाखाली मिळते किंवा बल्बखाली. दोन तास चाळीस मुलांच्या हातांतून फिरलेलं पिल्लू गारठतं, दडपणाने मलूल होतं. प्रवासाच्या आणि हाताळणीच्या ताणाने पक्ष्यांच्या शिटेतून साल्मोनेला जास्त बाहेर पडतो, हेही पोल्ट्रीवाल्यांना माहीत असतं.

आता 'गावरानला जंतू नसतात'. त्याच सीडीसीच्या नोंदीप्रमाणे २०२० साली अमेरिकेत साल्मोनेलाच्या काही साथींत १,७२२ लोक आजारी पडले, ३३३ जणांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. या साथींचा माग मोठ्या पोल्ट्रीपर्यंत नाही, लोकांनी घराच्या अंगणात पाळलेल्या कोंबड्या-बदकांपर्यंत गेला. माझ्यासारख्यांच्या खुराड्यांपर्यंत. अमेरिकेतलं इथे कशाला, असं कोणी म्हणेल. पण तिथल्या आणि मखमलाबादच्या कोंबडीचं आतडं वेगळं नसतं. कोंबडी तरतरीत दिसते म्हणून निर्धोक, हेही तिथेच संपतं: साल्मोनेला असलेली कोंबडी खाते, अंडी देते, आरवणारा आरवतो. माझ्याकडच्या कोणत्या कोंबडीत तो आहे हे मला बघून सांगता येत नाही, आणि मी रोज बघते.

लस मी देते. लासोटा देते, ती मानमोडी म्हणजे राणीखेत रोगासाठी. देवीची देते, ती कोंबड्यांच्या देवी रोगासाठी. यातल्या एकीचाही साल्मोनेलाशी संबंध नाही. इतकंच.

टायफॉइडबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मान्य करते. टायफॉइडचा जंतू माणसातच राहतो, कोंबडीतून तो होत नाही. पण साल्मोनेलाचे इतर पुष्कळ प्रकार आहेत आणि त्यांचं एक मोठं घर कोंबडीचं पोट आहे. त्यांनी होतो तो ताप, पोटात कळा आणि जुलाब. संपर्कानंतर सहा तासांपासून सहा दिवसांत कधीही. मोठा माणूस आठवडाभरात सावरतो. लहान मूल पाणी कमी पडून लवकर खंगतं, आणि तान्ह्या बाळात संसर्ग रक्तात जाऊ शकतो. भाच्याला घरी सात महिन्यांची बहीण आहे, हे भावजयीला मी वेगळं सांगायला नको होतं.

प्रतिकारशक्तीचं म्हणणंही हवेतून आलेलं नाही. गोठ्यात, शेतावर वाढणाऱ्या मुलांना दमा कमी होतो, असं युरोप-अमेरिकेतल्या संशोधनात दिसलंय. पण ते जन्मापासून रोज तिथल्या हवेत राहण्याबद्दल आहे. वर्षातून एकदा अर्धा तास पिल्लू चेहऱ्याला घासण्याबद्दल नाही. 'आपण वाढलो' म्हणणाऱ्यांनी आपल्या आजीला आठवावं. माझी आजी दिंडोरीकडची. खुराड्यात हात घातला की चुलीपाशी येऊ देत नसे, आधी राखेने हात घासायला लावायची.

सॅनिटायझर मातीने, शिटेने माखलेल्या हातावर नीट काम करत नाही. साबण आणि वाहतं पाणी हवं. बर्ड फ्लूबद्दल मेसेज गप्प आहे. तो माणसाला क्वचित होतो, त्यावरून मी कोणाला घाबरवणार नाही. पण २००६ साली भारतातली त्याची पहिली साथ आपल्याच उत्तर महाराष्ट्रात, नवापूरला आली होती. तो परदेशी पाणपक्ष्यांबरोबरही येऊ शकतो, म्हणून नांदूर-मधमेश्वरच्या पाणथळीत परदेशी बदकं उतरतात त्या दिवसांत मोकळी फिरणारी बदकं मुलांसमोर आणू नयेत, एवढी काळजी घ्यायला काय हरकत आहे?

मी भावजयीला आणि बाईंना कळवलंय. दोन मोठ्या कोंबड्या आणीन, जाळीच्या पिंजऱ्यात. मुलं हातभर लांब बसतील. दाणे मी टाकीन, कोंबडी कशी उकरते, पाणी पिताना मान वर का करते, हे सांगीन. खाऊचे डबे दुसऱ्या खोलीत. चौथीच्या मुलांना हवं तर मी धरलेल्या कोंबडीच्या पाठीवर हात फिरवू देईन, पण नळ आणि साबण दारातच पाहिजे, आणि हात धुताना एक मोठं माणूस उभं पाहिजे. पिल्लं येणार नाहीत. बाईंचं उत्तर अजून आलेलं नाही. भावजयीने मात्र विचारलं, पिंजरा रिक्षात मावेल का. मावेल.