तोच काळा ड्रेस. हो, तोच.

गेल्या रविवारी एका पन्नाशीच्या वाढदिवसाला गेले होते. तिथे ऑफिसातली एक मैत्रीण भेटली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ये तो वही काला वाला है ना?"

हो बाई, वही वाला. नऊ महिन्यांत पाचव्यांदा.

ती मनाने चांगली आहे, टोमणा नव्हता तो. पण माझ्या तोंडात चक्क "नहीं रे, ये दूसरा है" आलं होतं. कसंबसं गिळलं. घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडत राहिले, की मी खोटं कशाला बोलणार होते? चोरीचा आहे का ड्रेस? माझ्या नवऱ्याचा करडा कोट २०१२ पासून इंदूरच्या प्रत्येक लग्नात हजेरी लावतोय, त्याला आजवर एकाही माणसाने ओळख दाखवलेली नाही. त्यावरून ही पोस्ट. लांबेल, चहा घेऊन बसा.

ड्रेस असा: सेलमधला, एकोणीसशे रुपयांचा, क्रेपसारखं झुळझुळीत कापड, गोल गळा, कोपराच्या वर बाही, गुडघ्याखाली चार बोटं. जर नाही, टिकली नाही, एक बटण नाही. लेकीने घ्यायला लावला. सासूबाईंनी हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "काळा? आणि ह्याच्यावर काहीच नाही?"

ते "काहीच नाही" हेच तर त्याचं काम आहे, हे मला तेव्हा सांगता आलं नाही. आता येतं.

ह्या प्रकाराला जगात प्रतिष्ठा मिळाली ती १९२६ च्या ऑक्टोबरात. अमेरिकेतल्या 'व्होग' ह्या फॅशनच्या मासिकाने फ्रेंच डिझायनर कोको शनेलच्या काळ्या ड्रेसचं रेखाचित्र छापलं आणि त्याला चक्क फोर्ड गाडीची उपमा दिली. फोर्डची मॉडेल टी तेव्हा घराघरात पोचलेली, आणि मधली बरीच वर्षं ती फक्त काळ्या रंगातच मिळायची. म्हणजे कौतुक काय, तर हा ड्रेस कुणालाही चालेल. युरोपात तोवर बाईच्या काळ्या कपड्याला शोकाचा वास होता, तो ह्या साधेपणाने बराचसा उडाला. आणि एक गंमत. 'लिटल ब्लॅक ड्रेस' म्हटलं की आपल्याकडे लगेच तोकडा, बिनबाह्यांचा काहीतरी डोळ्यांसमोर येतो. त्या चित्रातल्या ड्रेसला मनगटापर्यंत बाह्या आहेत, आणि गळ्यात मोत्यांचा सर. 'लिटल' म्हणजे साधा. हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग तुझ्यापेक्षा ती बरी."

पण खरं सांगू का, काळ्यावर पांढरं घालून काळ्याचं सोनं करणं आपल्याला कुणी परदेशातून शिकवायची गरज नव्हती. ज्या सासूबाई "काळा?" म्हणाल्या त्यांच्याच ट्रंकेत काळी चंद्रकळा आहे, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची. तिच्यावर हलव्याचे दागिने घातलेला त्यांचा फोटो दिवाणखान्यात टांगलाय. वर्षभर शुभकार्याला काळं वर्ज्य, आणि जानेवारीत एक दिवस नव्या सुनेला डोक्यापासून पायापर्यंत काळं नेसवून वर साखरेचा हार, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा. हलव्याचा एकेक दाणा खसखशीवर, तिळावर, साबुदाण्यावर पाक सोडत, मंद आचेवर बोटांनी हलवत काटा फुटेपर्यंत करायचा. तो काटा पांढऱ्या साडीवर कुणाला दिसला असता? काळं मागे सरतं, म्हणून पुढचं दिसतं. सगळी युक्ती एवढीच आहे.

आता माझ्या चुकीकडे येते, कारण ही युक्ती माहीत असून मी पहिल्याच दिवशी माती खाल्ली.

एप्रिलमध्ये ऑफिसचं जेवण होतं, ड्रेस पहिल्यांदा घातला. आरशात पाहिलं तर दंड दिसताहेत, पोट दिसतंय. झालं. कपाटातून चंदेरीचा स्टोल काढला आणि ओढणीसारखा दोन्ही खांद्यांवरून पुढे सोडला. चंदेरी कडक, फुगीर. ती अंगावर बसत नाही, उभी राहते. फोटोत मी ड्रेस घातलेली बाई दिसतच नाही, पडद्यामागून डोकावणारी कुणीतरी दिसते. सगळी संध्याकाळ एक हात जेवणात आणि एक हात स्टोल सावरण्यात. कुठलाही ड्रेस घेऊन त्याचा सलवार-कुर्ता करून टाकण्याची ही आपली जी सवय आहे ना, तिला आपण 'स्टायलिंग' म्हणतो. ती लपाछपी आहे. मी स्वतः केली आहे म्हणून हक्काने म्हणते.

दुसऱ्यांदा मे महिन्यात. इथे इंदूरबाहेरच्यांसाठी एक खुलासा. आमच्याकडे 'स्कार्फ' म्हणजे गळ्यात घालायची वस्तू नव्हे. स्कार्फ म्हणजे ॲक्टिव्हावर बसायच्या आधी डोळे सोडून अख्ख्या डोक्यातोंडाला गुंडाळायचं दोन मीटर सुती कापड. उन्हासाठी, धुळीसाठी. वळणावर सिग्नलला उभ्या असलेल्या सगळ्या मुली एका टोळीच्या दिसतात. तर त्या संध्याकाळी सहा वाजताही चटका होता, मी तोंड बांधून गाडीवरून कार्यक्रमाला पोचले, आणि पार्किंगमध्ये लक्षात आलं की ड्रेसवर लावायचा पट्टा घरी पलंगावरच राहिलाय. गाडीच्या आरशात पाहिलं. बिनपट्ट्याचा ड्रेस म्हणजे उशीचा अभ्राच.

तोंडावरचा स्कार्फ सोडला. बाग प्रिंटचा होता, लाल-काळ्या ठशांचा. बाग म्हणजे धार जिल्ह्यातलं गाव; तुरटी लावलेल्या कापडावर उठणारं लाल, गंजलेल्या लोखंडापासून केलेलं काळं, आणि मग नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायचं असा तो कारभार. झटकला, लांबीत चार पदरी घडी घातली, बरगड्या संपतात तिथे दोन वेढे घेतले आणि डाव्या बाजूला गाठ मारली. एक टोक लांब, एक आखूड. तेवढ्यात एक ओळखीच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "छान आहे गं, कुठून घेतलास असा?" त्यांना काय सांगू, पाच मिनिटांपूर्वी हा माझ्या नाकावर होता.

त्या दिवशी दंड तेच होते, पोट तेच होतं. पण मी काही झाकत नव्हते, काहीतरी दाखवत होते, आणि लोक तिकडेच बघत होते.

बांधायच्या स्कार्फबद्दल एक बारीक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. गाठ मारली की कापडाची उलटी बाजू बाहेर येतेच. छापील स्कार्फची उलटी बाजू बहुतेकदा फिकी असते, म्हणून गाठीपाशी तो विटल्यासारखा दिसतो. विणलेल्या काठाचं तसं नसतं. आमचं माहेश्वरी घ्या. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर आणून वसवले, त्यांची ही परंपरा. तिच्या एका प्रकारचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा देखणा असतो, त्याला बुगडी म्हणतात. वर रेशीम-सुताचं मिश्रण, म्हणजे गाठ घट्टही बसते आणि तिचा गोळाही होत नाही. रविवारी मी तोच गळ्यात सैल बांधला होता, आंब्याच्या रंगाचा. शुद्ध रेशमाचे गुळगुळीत चौकोनी रुमाल मात्र आपल्या कामाचे नाहीत. दर दहा मिनिटांनी गाठ सुटते, आणि इंदूरच्या मे महिन्यात मानेला घाम येऊन डाग पडतो तो निराळाच.

आता पट्टा. ह्यावर मी सविस्तर बोलणार, कारण ह्यात माझे पैसे आणि अश्रू दोन्ही गेलेत.

आजीचा चांदीचा कंबरपट्टा माझ्या वाट्याला आलेला, कित्येक वर्षं डब्यात काळा पडत होता. नोव्हेंबरात शाळेच्या मैत्रिणींचं संमेलन ठरलं तेव्हा तो काढला. आजी सडपातळ, मी नाही; चार बोटं कमी पडत होता. सराफ्यात गेले. दिवसा, अर्थात; रात्री तिथे खाऊगल्ली भरते, तेव्हा गेलं तर चांदीऐवजी भुट्ट्याचा कीस आणि गराडू (तळलेला कंद) घेऊन परत येतो माणूस. तिथल्या कारागिराने मागे दोन कड्या जोडून दिल्या. पुढून काही कळत नाही. घरी येऊन ड्रेसवर घातला आणि चालायला लागले, तर पट्टा दहाव्या पावलाला घसरून माकडहाडावर. वर ओढला, तर आकड्याने कापडाचा एक धागा ओढला. काळ्या कापडावर ओढलेला धागा इतका चमकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तिथेच खाली बसले.

आमचे शिंपी मास्टरजी कमी बोलतात. त्यांनी तो धागा सुईने आतल्या बाजूला घेतला, मग म्हणाले, "मैडम, बेल्ट नहीं सरकता, कपड़ा सरकता है." दोन्ही बाजूंच्या शिवणीवर काळ्या दोऱ्याने साखळी टाक्याचे दोन लूप केले, करंगळीएवढे. पट्टा काढला तर ते दिसतही नाहीत. पट्ट्याच्या आकड्याच्या आतून मलमलची एक चिंधी टाचून दिली, म्हणजे चांदी कापडाला लागणारच नाही. वीस रुपये घेतले. एवढ्याशा दुरुस्तीवर तो कंबरपट्टा आजही जागचा हलत नाही. ड्रेस रेडिमेड आहे म्हणून त्याला शिंप्याकडे न्यायचंच नाही, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

बुटक्या बायकांनो (मी पाच फूट एक इंच), रुंद पट्ट्याच्या नादी लागू नका. दोन भाग पडतात शरीराचे, वरचा डबा आणि खालचा डबा. बारीक घ्या. उंच दिसायचं असेल तर काळ्यावर काळाच घ्या. लाल किंवा सोनेरी घेतलात तर नजर तिथेच अडणार आहे, हे मान्य करून घ्या. मला अडलेली चालते.

गळ्यातल्याबद्दल माझं मत ठाम आहे आणि त्यावरून भांडायची तयारी आहे. काळ्या गोल गळ्यावर तन्मणी. पेशवाई थाटाचं मोत्यांचं, मध्ये एकच खोड, म्हणजे पदक. नाहीतर चिंचपेटी. त्या फ्रेंच बाईचा मोत्यांचा सर आणि आपला तन्मणी ह्यांत नातं आहे, मला कुणी काही म्हणा. डिसेंबरात नवऱ्याच्या साहेबांच्या निवृत्तीच्या समारंभाला तन्मणी आणि कुड्या, बस, पट्टा नाही, स्कार्फ नाही. सगळ्यांत जास्त कौतुक त्या दिवशी झालं. उलट ते ऑक्सिडाइज्डचं सगळं दुकान एकदम अंगावर, गळ्यात पसरट हार, कानात झुमके, हातभर कडी, वर नथीचं चित्र असलेली पर्स... काळा ड्रेस बिचारा बोलत नाही म्हणून त्याच्यावर काहीही लादायचं का?

पादत्राणांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोल्हापुरी चालते, पांढरे कॅनव्हासचे बूट चालतात, चमकीचे सँडल नकोत.

बरं, हे आधुनिक वगैरे कुणाला वाटत असेल तर आपल्याच शहराचं उदाहरण देते. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) ह्यांचं बर्नार बूते द मॉन्वेल ह्या फ्रेंच चित्रकाराने १९२९ मध्ये चित्र काढलं. पाश्चात्त्य पोशाख, काळाशार, वर शर्टाची पांढरी कडक छाती. पुढे काही वर्षांनी त्याच चित्रकाराने त्यांनाच मराठा पोशाखात रंगवलं, गळ्यात हिऱ्यांसह. एकच माणूस, दोन्हीत रुबाब तोच. त्यांचा माणिकबाग राजवाडा जुन्या इंदूरकरांना माहीत आहेच; आता तिथे जीएसटीवाले बसतात.

आणि काळा जपावा लागतो. उलटा करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. बोअरच्या जड पाण्यात माझा आधीचा एक काळा कुर्ता सहा महिन्यांत राखाडी झाला होता. विटलेल्या काळ्यावर तुम्ही कोहिनूर घाला, काही उपयोग नाही.

आता शेवटचं. ह्या संक्रांतीला जाऊबाईंची नवी सून पहिल्यांदा घरी आली होती. बंगळुरूहून, दोन दिवसांची रजा काढून. हळदीकुंकवाला चार वाजता बायका यायच्या आणि साडेतीनला कळलं की तिची काळी साडी बॅगेतच आली नाही. चंद्रकळा काढली तर घडीवर विरलेली. जाऊबाईंचा चेहरा पाहवेना. मी वर गेले आणि हा ड्रेस आणून दिला. पोरगी माझ्यापेक्षा उंच, तिच्या गुडघ्यापर्यंतच आला. वर हलव्याचा हार, बाजूबंद, बिंदी घातली. हलव्याचा कंबरपट्टा मास्टरजींच्या त्याच लूपांतून ओवला. अगदी मापाचा असावा तसा बसला.

बायका आल्या. पाटावर बसलेल्या त्या मुलीकडे बघून पहिलं मिनिटभर कुणी काही बोललं नाही. सासूबाई काठी टेकत पुढे आल्या, वाकून कंबरपट्टा नीट पाहिला, बोटाने एक दाणा चाचपला.

"फोटो काढा पटकन," म्हणाल्या, "मुंग्या लागतील."

पाचही वेळचे फोटो खाली टाकले आहेत, सहावा सुनेचा, तिला विचारून. तिसऱ्यात पट्टा तिरका आहे, मला माहीत आहे, सांगू नका.