हिरो येतलो!

पटकथा झाली. देवगडकडचा एक पडका मांगर, म्हणजे शेतातलं खोपट, लोकेशन म्हणून ठरला. कथानायक मासेमारीच्या ट्रॉलरवरचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. आता मुंबईचा एखादा नावाजलेला नट गळाला लावला, की तुमचा स्वतंत्र चित्रपट निम्मा झालाच म्हणा.

सुरुवात पोस्टरने करा. नटाचा फोटो इंटरनेटवरून उचला, डोक्यावर कानटोपी चढवा आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडून द्या. नटाला अजून विचारलेलं नाही? नाक्यावरच्या वाढदिवसाच्या बॅनरवर जे तीस जण हसतायत, त्यांना तरी कुणी विचारलं होतं?

मग पैसा. आपल्याकडे तो चिरेखाणवाल्याकडे असतो आणि त्याचा पहिला प्रश्न, "हिरो कोण?" तिकडे नटाचा मॅनेजर विचारतो, "प्रोड्युसर कोण?" उपाय सोपा आहे. चिरेखाणवाल्याला सांगा, हिरोचा होकार आलाय. मॅनेजरला सांगा, पैसे लागलेत. या दोघांची गाठ पडेपर्यंत तुम्ही दिग्दर्शक आहात.

मॅनेजर बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे पूर्ण लिहून बांधलेली पटकथा मागेल. देऊ नका. "सरांना नरेशनच देतो, तीन तास पुरतील," म्हणा. काही भाबडे लोक एका पानात सगळं लिहून पाठवतात : काम काय, दिवस सहाच आणि तेही सलग, मानधन इतकं, साइनिंगचा चेक अमुक तारखेला. वर, दहा वर्षं इन्स्पेक्टर आणि नवरीचा बाप करून कंटाळलेल्या माणसाला कुणी दिली नसेल अशी भूमिका लिहितात. त्यांना म्हणे नट नेहमीपेक्षा कमी पैशांतही मिळतो. मिळू दे. त्यात मजा ती काय?

तुम्ही थेट पणजी गाठा. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यातच भरतो, सावंतवाडीहून सकाळी निघालात तर दुपारच्या आत तिथे. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजारही २००७ पासून तिथेच असतो. अर्धेमुर्धे प्रकल्प घेऊन लोक निर्माते शोधायला येतात. पण त्याला आधी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करायचा तर पटकथा कुणीतरी वाचणार. त्यापेक्षा नट जेवणाच्या रांगेत दिसला की गाठा आणि त्याच्या हातात कोकम आगळाची बाटली ठेवा. बूच सैल असलेली. पांढऱ्या कुडत्यावर आगळ सांडला, की माणूस तुम्हाला जन्मात विसरत नाही.

मानधनाचा विषय निघालाच तर "जेवण घरचं" असं ठासून सांगा. सुरमई, तिसऱ्या, सोलकढी. तो डाएटवर असतो आणि उकडलेली कोंबडी डब्यातून आणतो, ते सोडा. खर्च तुम्ही एकाच माणसाचा धरलाय, ते बरंच केलंत. मेकअपवाला, हेअरवाला, स्पॉटबॉय, ड्रायव्हर आणि एक नुसताच उभा राहणारा, या सगळ्यांचे रोजचे पैसेही निर्मात्याच्या नावावर पडतात, हे चिरेखाणवाल्याला आपोआप कळेल. व्हॅनिटी व्हॅन साकवावरून येईल का, असं मॅनेजरने विचारलं तर म्हणा, "साकव रुंद करतायत."

तारखा जुलैच्या मिळतील. दोन दिवस. झडप घाला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, ट्रॉलर झाकून ठेवलेले, म्हणजे तुमचा तांडेल अख्खा चित्रपट किनाऱ्यावर उभा राहून समुद्राकडे बघेल. समीक्षकांना असलं फार आवडतं. ओहोटीचा सीन पहिल्या दिवशी निम्मा घ्या आणि उरलेला दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून त्याच वेळेला. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, पण तेवढं पाणी प्रेक्षक समजून घेतात.

ठरल्या दिवशी नटाचा फोन लागणार नाही. आंब्याखाली रेंज येते तिथे जाऊनही नाही. गाव विचारेल, "हिरो कधी येतलो?" "येतलो," म्हणा.

तेवढ्यात बांधावरून एक दशावतारी येईल. जत्रांचा हंगाम संपलाय म्हणून भातलावणीला लागलेला, पाय चिखलाने भरलेले. हंगामात हा रात्र रात्र राजा होतो. तोंडाला रंग स्वतः लावतो, आणि हातात लिहिलेलं एक अक्षर नसताना पहाटेपर्यंत बोलतो. "माका काय काम आसा?" विचारेल. आहे की! हिरोच्या जागेवर उभा करा त्याला, लाइट लावायला कुणीतरी लागतंच. आवाज तपासायला हिरोचं एखादं वाक्यही बोलू द्या. कॅमेरामन कॅमेरा बंद करायचं विसरून बघतच राहिला, तर त्याला झापा. आणि तो शॉट लगेच पुसायला लावा. हिरोसाठी कार्डात जागा लागेल.