रूट आणि वर्ग ‘कॅन्सल’ होत नाहीत

विद्यार्थ्यांमध्ये सर्रास फिरणारी युक्ती अशी: ‘वर्गमुळातल्या चलाच्या घातांकाला २ ने भागा. भागाकार बाहेर, बाकी आत. रूट आणि वर्ग कॅन्सल होतात, म्हणून √क्ष² = क्ष. हे सगळीकडे चालतं. केवलमूल्याच्या उभ्या रेघा ही पुस्तकी हौस आहे.’ यातली भागाकाराची रीत ठीक आहे. पुढचं तपासू.

‘√क्ष² = क्ष’
क्ष = −५ घ्या. वर्ग २५ आणि √२५ = ५; −५ नव्हे. २५ ला ५ आणि −५ अशी दोन वर्गमुळं आहेत हे खरं, पण √ हे चिन्ह त्यांतलं ऋण नसलेलं मूळच दाखवतं. म्हणून √क्ष² = |क्ष|, म्हणजे क्ष चं केवलमूल्य: ऋण चिन्ह काढून उरणारी किंमत (|−५| = ५). उत्तराआधी ± लावणंही चूकच. ते क्ष² = २५ हे समीकरण सोडवताना येतं.

‘सगळीकडे चालतं’
सर्व चलं धन आहेत असं प्रश्नात दिलं असेल, तर चालतं. नसेल तर √(७२क्ष⁵य²) सोडवून पाहा. ७२ = ३६ × २, क्ष⁵ = क्ष⁴ × क्ष. युक्तीचं उत्तर ६क्ष²य√(२क्ष). आता क्ष = २, य = −३ ठेवा. मुळाखाली २०७३६ येतात, त्याचं वर्गमूळ १४४. युक्ती देते −१४४. बरोबर उत्तर ६क्ष²|य|√(२क्ष).

बेरजेला तर ही रीत लागूच नाही. क्ष = ४ असताना √(क्ष² + ९) = ५, क्ष + ३ मात्र ७.

‘रेघा पुस्तकी हौस’
समघाती मुळातून (वर्गमूळ, चौथं मूळ वगैरे) चल विषम घाताने बाहेर आलं आणि ते ऋण असू शकत असेल, तर रेघा हव्यातच. √क्ष⁶ = |क्ष³|, पण √क्ष⁴ = क्ष², कारण वर्ग ऋण होत नाही. √क्ष³ = क्ष√क्ष यातही रेघा नकोत; क्ष ऋण असेल तर मुळाखालची संख्याच ऋण होते. इथे मात्र एक फसवी जागा आहे: √(क्ष³य). क्ष = −२, य = −८ चालतं, कारण मुळाखाली ६४ येतात. म्हणून उत्तर |क्ष|√(क्षय). रेघा गाळल्या तर ८ ऐवजी −८.

घनमुळाला रेघा लावू नका: ∛(−८) = −२.

समीकरणात या रेघा गाळल्या तर उत्तरंच हरवतात. √(क्ष² − ६क्ष + ९) = ३ − क्ष घ्या. मुळाखाली (क्ष − ३)² आहे. ‘कॅन्सल’ केलं की क्ष − ३ = ३ − क्ष, म्हणजे क्ष = ३ एवढंच उत्तर. खरं समीकरण |क्ष − ३| = ३ − क्ष असं आहे, आणि ते ३ व त्याहून लहान प्रत्येक क्ष साठी खरं ठरतं. क्ष = १ ठेवून पाहा: दोन्ही बाजूंना २.