पन्नाशीच्या आतल्या गाड्यांचं काय?

‘पंधरा वर्षांनंतर गाडीत फक्त आठवणी उरतात, किंमत नाही’ हे तुमच्या जुन्या गाड्यांवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आमची १९९७ची मारुती झेन वडिलांनी घेतलेली. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांची पेट्रोलची वही अजून आहे. दर टाकीचे लिटर आणि किलोमीटर, निळ्या शाईत. ९९३ सीसीचं ते इंजिन आजही पहिल्या सेल्फला सुरू होतं. ही किंमत नाही तर काय?

खरी अडचण लेखात आलीच नाही. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणजे जपलेल्या जुन्या गाडीची खास नोंदणी मिळते ती पन्नास वर्षं झालेल्या गाडीलाच. पंधरा ते पन्नास या मधल्या वयाच्या गाड्यांना दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर. मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी तिशीची एक वेगळी पायरी हवीच.