कॅपिटल लिहिलं की कर्ल गप्प!

ऑफिसच्या नेटवर्कमधून कर्ल (कमांड लाइनवरून वेबशी देवाणघेवाण करणारं टूल) चालवायचं म्हटलं की डोकं फिरतं. प्रॉक्सीचा, म्हणजे मधल्या सर्व्हरचा, पत्ता सांगणारं एचटीटीपी_प्रॉक्सी हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कॅपिटल अक्षरांत लिहिलं, तर कर्ल त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, स्मॉलमध्येच हवं. एचटीटीपीएसचं मात्र दोन्ही चालतं! कारण रास्त आहे, मान्य. सीजीआयमध्ये (वेब सर्व्हरने प्रोग्रॅम चालवायची एक पद्धत) बाहेरून आलेला ‘प्रॉक्सी’ हेडर नेमका त्याच कॅपिटल नावाचं व्हेरिएबल बनतो, म्हणजे बाहेरचा कुणीही आपला प्रॉक्सी ठरवू शकतो. २०१६ मध्ये त्यावरूनच केवढा गोंधळ झाला. पण मग इशाऱ्याची एक ओळ छापायला काय हरकत आहे? मुकाट्याने थेट कनेक्शन करायला जातं आणि आपण टाइमआउटची वाट बघत बसायचं. सॉक्स या दुसऱ्या प्रकारच्या प्रॉक्सीची वेगळीच तऱ्हा: ‘सॉक्स५’ लिहिलं की डोमेनच्या नावाचा आयपी पत्ता आपल्याच मशीनवर शोधणार, शेवटी ‘एच’ जोडला तरच ते नाव प्रॉक्सीकडे पाठवणार. आणि अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवायला कमांडला सुडो लावलं की एक्स्पोर्ट केलेली ही सगळी व्हेरिएबल्स बहुतेक ठिकाणी गायब!