टँक मागवला आणि तास संपला

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ म्हणजे जीटीए या गाड्या पळवायच्या कॉम्प्युटर गेमच्या मालिकेबद्दल महिन्यातून एकदा तरी हे फिरतंच: ‘व्हाइस सिटीनंतर जीटीएत फक्त ग्राफिक्स बदलले. खरा गेम तेव्हाच पूर्ण झाला होता. पुढं नुसता पैसे उकळायचा धंदा.’ खाली बेळगावातल्या शहापूर, अनगोळपासून निपाणीपर्यंतचे पस्तिशीतले गडी न वाचता अंगठे लावून मोकळे. तीन वाक्यांतलं एक अर्धं खरं आहे. बाकीची टिकत नाहीत.

‘फक्त ग्राफिक्स बदलले.’ पोलिसांचंच बघा, निम्मा वेळ आपण त्यांच्यापासूनच पळायचो. व्हाइस सिटी या २००२ च्या भागात गुन्ह्यांसोबत पडद्यावरचे तारे वाढले की लपून उपयोग नसायचा. गॅरेजमध्ये गाडी रंगवून घ्या, नाहीतर गल्लीत तरंगणारा तारा शोधून उचला. २००८ च्या चौथ्या भागात (जीटीए ४) नकाशावर वर्तुळ आलं; नजर चुकवून त्याबाहेर राहिलात की सुटलात. २०१३ च्या पाचव्यात कुठला पोलिस कुठं बघतोय तेही नकाशावर दिसू लागलं, आणि बोळात दबून बसणं हाही डाव झाला. पकडापकडीची लपाछपी झाली. याला ग्राफिक्स म्हणत नाहीत. बाकी, व्हाइस सिटीचा नायक टॉमी याला पोहता येत नव्हतं, पाण्यात पडला की मेला; दोनच वर्षांनी आलेल्या सॅन अँड्रियास या भागातला नायक सीजे बुडी मारतो, जिमला जातो आणि बर्गर हाणत बसला तर त्याची ढेरी सुटते.

‘तेव्हाच पूर्ण झाला होता.’ असेल. पण आपण कुठं पूर्ण खेळलो? टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये. मालक कन्नडमध्ये ‘टाइम आतु’ (वेळ झाली) म्हणून घड्याळ दाखवणार, आम्ही ‘अण्णा, पाच मिनिटं की’ म्हणून गयावया करणार. पीसी पुन्हा चालू केला की सेव्ह उडालेलं, म्हणजे दरवेळी श्रीगणेशा. पलीकडच्या बेटाकडं जाणारे पूल वादळाच्या नावाखाली बंद, आणि ते मिशन पुढं सरकल्याशिवाय उघडत नाहीत. म्हणून आमची व्हाइस सिटी म्हणजे एकच बेट. त्यात कॉपी अशी छाटलेली की गाडीत रेडिओच वाजायचा नाही. (या गेममध्ये रेडिओ आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं!) मग काय, कीबोर्डवर ‘पॅन्झर’ हा चीट, म्हणजे फुकट सवलतीचा गुप्त शब्द, टाइप करायचा, टँक मागवायचा, पोलिस फारच मागं लागले की ‘लीव्ह मी अलोन’. त्या टँकच्या आठवणीला आपण ‘पूर्ण गेम’ म्हणतोय.

यावर ग्रुपमधल्या एकाच्या धाकट्या भावानं उलटं टोक गाठलं: ‘दर नव्या भागात जुनं सगळं असतं, वर भर पडते.’ तेही चूक. चौथ्या भागात चालवायला विमानं नाहीत, जिम नाही, सॅन अँड्रियासची गावं नि वाळवंट नाही. पॅराशूट तर २००९ मध्ये जोडभागातून परत आलं. कारण गेम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिनच नवं होतं. मेहनत गेली ती माणूस धक्का लागल्यावर कसा तोल सावरतो, गाडी वळणावर कशी कलते यावर. कित्येकांना त्या जड गाड्या आवडल्या नाहीत, मला आवडल्या.

‘पैसे उकळायचा धंदा.’ इथं मात्र दम आहे. चौथ्याला दोन जोडकथा मिळाल्या, पाचव्याच्या एकट्यानं खेळायच्या कथेला एकही नाही. ऑक्टोबर २०१३ पासून सगळा भर जीटीए ऑनलाइनवर, आणि तिथले पैसे खरे पैसे देऊन विकत घेता येतात. माझी आणखी एक तक्रार: नव्या मिशनमध्ये ठरलेली वाट सोडून जरा लांब गेलं की मिशन फसलं. पण हे रडगाणं पाचव्याचं आहे. ते मधल्या सगळ्या भागांच्या गळ्यात कशाला?

गेल्या पावसाळ्यात घरच्या पीसीवर जुनी व्हाइस सिटी पहिल्यापासून खेळायला घेतली, चीट न टाकता. आठवड्याभरानं पूल उघडला. पलीकडच्या बेटावर जाताना मध्येच खेळ थांबून लोडिंगचा पडदा आला. तो मी पहिल्यांदाच पाहिला.