निसर्गाच्या पंगतीत पोस्टमन कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जगातल्या चमत्कारिक ठिकाणांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखी ती नाही, म्हणून हा लांबलचक मजकूर.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खरं आश्चर्य निसर्गाचंच, आणि माणसाच्या विक्षिप्त उद्योगांना त्याच्या शेजारी बसवणं हा निसर्गाचा अपमान आहे. उत्तर आयर्लंडमधल्या जायंट्स कॉजवेच्या, म्हणजे समुद्रकाठच्या दगडी खांबांच्या, पंगतीला अमेरिकेतल्या नेवाडातलं फ्लाय गायझर हे गरम पाण्याचं कारंजं, टेक्सासमधल्या जमिनीत नाक खुपसून उभ्या केलेल्या मोटारी आणि एका फ्रेंच पोस्टमननं रचलेला महाल कशाला, असं तुम्ही विचारता. ‘यादी शुद्ध करा, निसर्ग एकीकडे आणि माणसाचा पसारा दुसरीकडे’ ही तुमची सूचना. शेवटी जाता जाता, ‘तिथे जायचं कसं हेही तुम्ही सांगत नाही’ असा एक टोला.

सूचना ऐकायला रास्त वाटते. पण ती अमलात आणायला घेतली की पहिल्याच नावापाशी गाडी अडते.

फ्लाय गायझर तुम्ही सरळ पसाऱ्यात टाकलंत. १९६४ साली भूगर्भातल्या उष्णतेवर वीज करता येईल का, हे पाहायला तिथे बोअर घेतलं होतं. पाणी गरम लागलं, पण विजेला पुरेल इतकं नाही. बोअरचं तोंड नीट बंद राहिलं नाही आणि पाणी उसळू लागलं. माणसाचा वाटा एवढाच. पुढचं सगळं पाण्यानं केलं. त्यात विरघळलेलं कॅल्शियम कार्बोनेट थराथरानं साचत गेलं, त्याचे सुळके झाले, भोवती पायऱ्यापायऱ्यांची डबकी तयार झाली. उष्णतेत तग धरणाऱ्या शेवाळानं त्यावर लाल-हिरवा रंग चढवला. हे कुणी आखलं नव्हतं आणि ते अजून वाढतंच आहे. निष्काळजीपणा माणसाचा आणि शिल्प निसर्गाचं, असं असेल तर तुमच्या कोणत्या रकान्यात घालू?

बरं, ते सोडा. मेक्सिकोतल्या नायकाच्या स्फटिकगुहेबद्दल तुमची तक्रार नाही. ती तुमच्या मते निर्भेळ निसर्ग. शिसं, चांदी आणि जस्ताच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे ३०० मीटरवर २००० साली खाणकामगारांना ती सापडली. आत जिप्समचे दहा-अकरा मीटर लांबीचे अर्धपारदर्शक स्फटिक, वासे आडवेतिडवे टाकून ठेवावेत तसे. लाखो वर्षं ही गुहा खनिजांनी भरलेल्या गरम पाण्यात बुडालेली होती, आणि पाण्याचं तापमान ५८ अंश सेल्सियसच्या आसपास टिकून राहिलं. त्या तापमानाला ॲनहायड्राइट (जिप्समचंच पाणीविरहित रूप) विरघळून जिप्सम अगदी सावकाश जमत जातं, म्हणून थोडे पण अवाढव्य स्फटिक झाले. तापमान झपाट्यानं उतरलं असतं तर खच पडला असता तो बारक्या स्फटिकांचा.

पण ही गुहा दिसली कशी? खाण कोरडी राहावी म्हणून पंप रात्रंदिवस पाणी उपसत होते, म्हणून. पाणी ओसरलं आणि माणूस आत शिरला. त्याच क्षणापासून स्फटिकांची वाढ थांबली, कारण ते वाढतात पाण्यातच. पुढे पंप बंद झाले आणि गुहा पुन्हा भरली. म्हणजे जे छायाचित्र पाहून आपण सगळे ‘वा, निसर्ग!’ म्हणतो, ते पंपांच्या आवाजात काढलेलं आहे. स्फटिक निसर्गाचे, दर्शन मात्र खाणीचं. मला यात निसर्गाचा कमीपणा दिसत नाही. पण तुमची रेघ इथेही सरळ ओढता येत नाही.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हे उत्तर लिहायला बसले, त्याकडे येते. तुम्ही लिहिलंत, ‘यूटाच्या तळ्यात दगडांचा भोवरा घालणं ही कला नव्हे, तळ्याच्या मूळ सौंदर्यात लुडबूड आहे.’ रॉबर्ट स्मिथसन या अमेरिकन शिल्पकारानं १९७० साली यूटातल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठावर, रोझेल पॉइंटला, काळा बेसाल्ट आणि माती ओतून हा ‘स्पायरल जेटी’ उभा केला. सुमारे ४५० मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, घड्याळाच्या उलट दिशेनं आत वळत जाणारा. जागा निवडली ती तिथल्या लालसर पाण्यासाठी.

पण तो लाल रंग आला कुठून? १९५९ साली रेल्वेसाठी तळ्याच्या आरपार दगड-मातीचा भराव पूर्ण झाला आणि तळ्याचे दोन भाग झाले. मोठ्या नद्या सगळ्या दक्षिण भागात उतरतात. उत्तर भागाला गोडं पाणी मिळेना, तो खारट होत गेला, आणि अतिखाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव नि शेवाळ तिथे माजलं. लाल-गुलाबी रंग त्यांचा. ज्या ‘मूळ सौंदर्या’त स्मिथसननं लुडबूड केली म्हणता, ते रेल्वेनं अवघ्या अकरा वर्षांपूर्वी घडवलं होतं!

आणि पुढची गंमत तर अशी की काम झाल्यावर थोड्याच काळात तळ्याची पातळी चढली आणि जेटी बुडाला. १९७३ साली टेक्सासमधल्या पुढच्या कामाची जागा वरून पाहताना विमान कोसळून स्मिथसन गेला, तेव्हा त्याची ही सर्वांत गाजलेली कृती पाण्याखाली होती. २००२ च्या सुमाराला दुष्काळानं तळं आटलं आणि जेटी वर आला, पण काळा नव्हे, मिठाच्या थरानं पांढरा झालेला. आता किनारा इतका मागे हटला आहे की जेटीभोवती बहुतेक वेळा कोरडं वाळवंटच असतं. दगड त्यानं टाकले, पण रंग बदलणं, बुडवणं, वर काढणं हे सगळं तळ्यानं केलं. मिठानं आणि काळानं कृतीवर काम करावं हे स्मिथसनला हवंच होतं. ते काढून घेतलं तर उरतो तो केवळ एक बांध, आणि त्याला यादीत घेण्याचं कारण मलाही दिसलं नसतं.

पोस्टमनबद्दल मात्र मला थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. ‘वेडसर माणसाचा दगडांचा ढीग’ असं तुम्ही लिहिलंत. फर्दिनांद शेव्हाल हा दक्षिण-पूर्व फ्रान्समधल्या ओतरीव्ह गावचा टपालवाला. रोज सुमारे तीस किलोमीटर पायपीट. १८७९ साली वाटेत एका दगडाला ठेचकाळला. वळून पाहिलं तर दगडाचा आकार इतका विलक्षण की त्यानं तो खिशात घातला. दुसऱ्या दिवशी तिथे आणखी सुंदर दगड मिळाले. खिसे फाटू लागले तेव्हा टोपली आली, मग एकचाकी ढकलगाडी, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात बांधकाम. ३३ वर्षं, १९१२ पर्यंत. त्यामागचा त्याचा विचार त्यानं स्वतः सांगून ठेवला आहे: निसर्गालाच शिल्पं करायची आहेत, तर गवंडीकाम आणि वास्तुरचना मी करतो. तुम्ही ज्या दोघांना वेगळ्या पंगतीत बसवू पाहता, त्यांची कामाची वाटणी या टपालवाल्यानं शंभर वर्षांपूर्वीच करून टाकली होती. १९६९ साली सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी या महालाला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. तेव्हाही तो विद्रूप आहे म्हणणारे होतेच. तुम्ही एकटे नाही.

उरला जायंट्स कॉजवे, तुमचा आदर्श. तो पूर्णपणे निसर्गाचा, मान्य. लाव्हा थंड होताना आकसला, तडे गेले आणि सुमारे ४० हजार खांब उभे राहिले, बहुतेक षटकोनी. पण जगातल्या सगळ्या ठिकाणांत माणसाच्या हातचं वाटावं असं हेच. म्हणून तर लोकांनी त्यावर फिन मॅककूल या राक्षसाची गोष्ट रचली: स्कॉटलंडपर्यंत जायला त्यानं रस्ता बांधला म्हणे. तिथे उभं राहून ‘हे कुणी बांधलं?’ असं मनात येणं हाच निम्मा आनंद. निसर्गाचं काम माणसाचं भासतं तेव्हा आपण खूश, आणि माणसाचं काम निसर्गात मिसळतं तेव्हा तक्रार, हा न्याय मला पटत नाही.

मोटारींबाबत मात्र मीही फार हट्ट धरत नाही. कॅडिलॅक रँच हेच त्या जागेचं नाव. तिथल्या दहा गाड्या १९७४ साली गाडलेल्या. १९९७ मध्ये शहर जवळ सरकलं म्हणून त्या उचलून थोड्या लांब पुन्हा गाडल्या. येणारा-जाणारा त्यांवर रंग फवारतो आणि थर इतके जाड झालेत की मूळ पत्र्याचे कोपरे गोल झालेत. ते थर मला आवडतात, गाड्या विशेष नाहीत. यादीत त्या राहतील, पण शेवटच्या क्रमांकावर.

आता तुमचा टोला. नायकाला जाता येत नाही, गुहा पाण्याखाली आहे. खुली होती तेव्हाही त्या उष्ण, दमट हवेत खास पोशाखाशिवाय दहा मिनिटांपलीकडे थांबणं जिवावर बेतणारं होतं. फ्लाय गायझर खासगी जमिनीवर आहे, आधी नाव नोंदवून मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं. स्पायरल जेटीपर्यंत कच्च्या रस्त्यानं गाडी जाते, पाणी सोबत न्या.

आणि कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा रेसट्रॅक, जिथे दगड आपापले सरकतात. तिथे कोरड्या तळ्यावर पाण्याचा पातळ थर साचतो, रात्री गोठतो, सकाळी काही मिलिमीटर जाडीचे बर्फाचे पापुद्रे फुटतात आणि मंद वारा त्यांना दगडांवर रेटतो. २०१३ च्या डिसेंबरात संशोधकांनी हे डोळ्यांनी पाहिलं. जीपीएस बसवायला तिथल्या दगडांना भोकं पाडण्याची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी बाहेरून दगड आणून ठेवले होते. तेही सरकले. तिथे जाणार असाल तर जमीन ओली असताना पाऊल ठेवू नका. ठसे वर्षानुवर्षं राहतात.